पन्नासाच्या नोटेवरचं तळं

आमच्या गाविदिया गावात बाउदिलिओइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही. परगावच्या लोकांना खेचरावर बसवून वर सांतो क्रिस्तोच्या तळ्यावर न्यायचं, हा त्याचा धंदा. पन्नास बोलिव्हारच्या नव्या नोटेवर नेमकं तेच तळं छापून आलं, तेव्हा गड्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तळ्याच्या पुढ्यात आमचं डोंगरातलं अस्वल, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी वर्तुळं असलेलं.

तेव्हापासून त्यानं पन्नासाची नोट म्हणून कधी मोडली नाही. त्याची बायको एदुविखिस, तिच्या डोळ्यांतला दाब वाढत चालला होता. मेरिदाच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करायचं, त्यासाठी या नोटा डब्यात साठत होत्या. माझं शेत त्याच्या घराला लागून, म्हणून मी सांगायचो, "अरे, डॉलर घे, नाहीतर दुसरं खेचर घे. कागद कसला साठवतोस?"

"घरचा डोंगर कुणी बाजारात नेतं का?" हे त्याचं उत्तर.

एदुविखिस त्याची फिरकी घ्यायची. "अस्वलाला चष्मा मिळाला, माझं काय? अन् साऱ्या जगाला तळ्यावर नेता, मला कधी नेणार?"

"कशाला एवढं चढून दमतेस? नोटेवर बघ की."

मग भाव असे भडकले, की डबा भरेपर्यंत त्या पैशांत एक कोंबडीही येईना. पुढे सरकारनं पैशावरची शून्यं उडवली आणि त्या नोटाच बंद केल्या. त्यानं खेचर विकून डोळ्यांत घालायचं औषध आणलं, तेही संपलं. एदुविखिसची नजर गेली. मला बाउदिलिओचा अजून संताप येतो, पण त्याच्याकडे जाणं काही सुटत नाही.

परवा सकाळी गेलो, तर लाकडं ओली आणि चूल काही पेटेना. एदुविखिसनं चाचपडत फडताळातला डबा काढला, नोटांचं एक पुडकं सोडलं आणि चुलीत सारलं. बाउदिलिओ दारातच थबकला.

"रागावू नका," ती म्हणाली, "कॉफी तरी होईल. मला आता कुठं दिसतंय ते तळं?"

तो तिच्याशेजारी येऊन बसला. "तुला वर न्यायला हवं होतं गं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. "जाळ विझेल. दुसरं पुडकं द्या."

त्यानं ते स्वतःच सोडून तिच्या हातात दिलं.