दादाचा ढगळ शर्ट

शेजारच्या लाकूडवाल्यांच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला, “दादाची तब्येत जरा नरम आहे, निघून या.” जरा नरम! एवढ्यासाठी कोणी लकडगंजात फोन करून माणसाला सकाळी सकाळी शिलाई मशीनवरून उठवतं का? मी संशयी बाई, सगळं घर मला तेच म्हणतं. पण त्या दिवशी माझा संशय खोटा ठरावा म्हणून मी रिक्षात वाटभर हात जोडून बसले होते... नाही ठरला.

दादा माझा थोरला भाऊ, एका कारखान्यात बॉयलरवर होता. चाळिशी जवळ आली आणि याच्या डोक्यात खूळ शिरलं. मित्रांनी एक शर्यत काढली होती. अंबाझरी तलाव पोहून पार करायचा, तसंच ओल्या अंगानं सायकलवर कामठीला जाऊन यायचं, आणि वर दमेपर्यंत धावायचं. अंगात घालायचं काय, हा प्रश्न तो माझ्याकडे घेऊन आला, कारण शिवणकाम माझं. मी म्हटलं, पोहताना चड्डी पुरे, पुढे पातळ पॉपलिनचा शर्ट देते, वाऱ्यानं वाळेल. तर नाही! तिन्हीला एकच शर्ट पाहिजे, पोहतानासुद्धा. तोही जाड, गडद निळा आणि ढगळ.

“काहून गा दादा? ओला झाला का शेरभर जड होईन तो.”

“तू शिव न वं. वकिली नको करू.”

माप द्यायला उभा राहिला तर अंगातली बनियन काढेना. मला तिथंच शंका आली. आधीच्या वर्षी हा ‘चंद्रपूरला ट्रेनिंग’ म्हणून दोन महिने गेला होता, आणि आल्यापासून भर उन्हाळ्यातही अंगणात कधी उघडा बसला नव्हता. लग्नाचं तर नावच काढू देत नव्हता. मी ठरवूनच टाकलं, चंद्रपूरला कोणीतरी आहे आणि यानं तिचं नाव पाठीवर गोंदवून घेतलंय! आईला सांगायची माझी तयारीही झाली होती. शेवटी बनियनवरूनच माप घेतलं आणि त्याच्या हट्टापायी वर आणखी चार बोटं सैल ठेवलं.

शर्यतीच्या सकाळी मी काठावर होते. तलावाच्या मध्यावर त्या शर्टात पाणी भरलं. आधी फुगला, मग गळ्याशी गोळा झाला, आणि ओल्या बाह्यांनी त्याचे हात जणू बांधून टाकले. एकदा डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. मी किंचाळले, “काढ गा तो! काढ न!” तो काढेना. बुडायला तयार, पण शर्ट काढायला नाही! होडीवाले निघाले, तेवढ्यात त्यानं कसाबसा तो डोक्यावरून ओढला आणि कॉलर दातांत धरून काठाला आला.

खांद्यापासून कमरेपर्यंत सगळी पाठ भाजलेली होती. कातडी आकसलेली, जुनी. कसलं ट्रेनिंग अन् कसलं काय! ते दोन महिने हा वाफेनं भाजून दवाखान्यात पालथा पडून होता.

“पाहून घेतलं न?” धापा टाकत म्हणाला. “आता आईले सांगू नको. नोकरी सोडायले लावते ते.” शर्ट माझ्या अंगावर फेकला आणि उघड्या पाठीनं सायकलवर बसून गेला. जवळजवळ शेवटीच आला, पण शर्यत पूर्ण केली पठ्ठ्यानं.

त्यानंतर दर दिवाळीला कापड घेऊन यायचा आणि मी सांगायच्या आधी बनियन काढून पाठमोरा उभा राहायचा. “घे वं माप.” मी विचारायची, “अजून काय काय लपवून ठेवलं आहे?” तो हसायचा, “काही नाही वं.” गेल्या दिवाळीतही हेच म्हणाला. आणि छातीत तेव्हापासूनच दुखत होतं म्हणे! शेजाऱ्यांना ठाऊक, मला नाही. असा राग आला मला त्याचा... अजून येतो.

फोन आला त्या दिवशी मी पोचले तेव्हा त्याला घालायला कोणीतरी तयार पांढरा शर्ट आणून ठेवला होता. चांगलाच मोठा. मी सुई-दोरा मागितला. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “आता मापाचं काय घेऊन बसता ताई?” त्याच्या उशाशी बसून शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला, मगच अंगात घालू दिला.

तो निळा शर्ट माझ्या मशीनच्या खणात आहे. कॉलरवर त्याच्या दातांच्या खुणा अजून आहेत. परवा एक गृहस्थ कापड देऊन म्हणाले, “जरा सैलच शिवा हं.” टेप हातातच राहिली.

“काहून?” मी विचारलं. “काय झालं तुम्हाला?”