दाराबाहेरचे जर-तर भाऊजी

आमच्या शेजाऱ्यांना अख्खा मजला 'जर-तर' म्हणतो. तोंडावर फक्त मी. ते इस्पितळाच्या कॉम्प्युटरसाठी नियम लिहितात, तेही आपण बोलतो तसल्या साध्या वाक्यांत. माणूस जर रुग्णानं दिलेल्या भेटणाऱ्यांच्या यादीत असेल, तर दार उघडावं. कॉम्प्युटर वाचतो, दार ऐकतं. "एवढंच? हे तर मीही लिहीन," म्हटलं, की भाऊजी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलतात.

परवा त्यांच्याच इस्पितळात त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं, अकराला. काकू भुलीला घाबरलेल्या. "तुझं तोंड बघितल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही," असं त्यांनी लेकाला बजावलेलं. साडेदहाला आम्ही दोघं वॉर्डच्या दाराशी. भाऊजींनी कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. लाल.

"भाऊजी, तुम्हाला ओळखत नाही वाटतं?"

"ओळखतंय, तोच तर घोळ आहे! कर्मचाऱ्यानं घरचा माणूस असलेल्या वॉर्डात जाऊ नये. मीच लिहिलंय. इथले लोक घरच्यांचे आजारपणाचे कागद चोरून चाळायचे."

"मग मुलगा म्हणून जा की."

"मुलाला परवानगी आहे, कर्मचाऱ्याला मनाई. मी दोन्ही आहे."

"मग दार कुणाचं ऐकतं?"

"मनाईचं." ते घाम पुसत म्हणाले, "तेही मीच लिहिलंय."

पहारेकरी कळवळला. "साहेब, कार्ड माझ्याकडे ठेवा, दाराच्या पडद्यावर नुसतं नाव दाबा." नाव दाबलं. लाल. नोकरी नावालाच चिकटलेली! हातानं उघडायची चावी वरच्या साहेबांकडे, आणि साहेब गावाला.

"दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, वहिनी. मग चुकलं काय?"

मला काय कपाळ कळतंय! मी आपलं माझं नाव दाबलं. हिरवा! काकूंनी यादीत मलाही घातलेलं.

"चला, माझ्या पाठोपाठ घुसा."

"एका वेळी एकच."

"तेही तुम्हीच?"

मी एकटीच आत गेले.

आत काकू दंड पदराखाली दडवून बसलेल्या, सिस्टर सुई घेऊन ताटकळलेली. "कुठंय तो?"

"दाराबाहेर. त्यांच्याच नियमानं."

"मला बाहेर जायला मनाई आहे का गं?"

सिस्टर घुटमळली. "तसं कुठं लिहिलेलं नाही."

चाकाची खुर्ची ढकलत आम्ही निघालो. दार मुकाट्यानं उघडलं. काकूंनी लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, निरखून घेतला. "एवढा शिकलास, नि साधं दार उघडेना? चल गं, टोच आता."

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी काकूंनी डोळे उघडले, पहिलं विचारलं, "तो कुठंय?"

मी काचेतून पाहिलं. भाऊजी बाकावर वही घेऊन बसलेले. एक ओळ लिहायचे, दाराकडे बघायचे, खोडायचे.