पालवकाकांची थोको

पालवकाका माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर पाहायचे, आधी पायांकडे. जेसल पार्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी नवीन राहायला आले होते. जिन्यात पहिल्यांदा भेटले तेव्हा नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "डावा गुडघा दुखतोय ना? सगळं वजन उजव्यावर टाकतेयस." खरंच दुखत होता.

जवळच्याच हाटकेशच्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. मोडलेली हाडं जोडायला डॉक्टर ज्या स्टीलच्या पट्ट्या बसवतात, त्या घासून गुळगुळीत करायचं काम. "केसाएवढी कड राहिली तरी आत मांसाला टोचते," ते सांगायचे. "पेशंट काय तक्रार घेऊन हाटकेशला येणार नाय. म्हणून इथंच बघून सोडायचं." घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या, रेशनच्या मशीनवर अंगठा कधी उमटत नसे.

ते मूळचे राजापूरकडचे. वडील आंबे काढताना झाडावरून पडले, मांडीचं हाड वाकडंच जुळलं, आणि पुढे मरेपर्यंत शेजारच्या पडवीत जायचं तरी त्यांना काठी लागली. हे काका एकदाच बोलले आणि लगेच चहा टाकायला उठले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला. पेन्शन बेताची.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून त्यांची पत्रं, फॉर्म माझ्याकडे यायचे. एकदा माझ्या मोबाइलवर त्यांनी एका संस्थेचं पान पाहिलं. परदेशातल्या गरीब पेशंटचे फोटो, कुणाला कसलं ऑपरेशन हवं त्याची माहिती, आणि आपल्याला जमेल तेवढी मदत पाठवायची सोय. काका एका एक्स-रेवर थांबले. आफ्रिकेतल्या मलावी देशातली अकरा वर्षांची मुलगी, थोको. सायकलवरून पडून मांडी मोडलेली, वाकडी जुळलेली.

"हिला पाठवायचं," ते म्हणाले. पुढे दर महिन्याला, पेन्शन जमा झाली की माझं दार वाजायचं. संस्थेचे मेल यावेत म्हणून मी त्यांच्या नावाने खातं काढलं, पण ते उघडायचं माझ्याच मोबाइलवर.

तळमजल्यावरच्या शाहभाभींनी एकदा बाकावर बसल्या बसल्या टोकलंच, "काका, अपने यहाँ क्या गरीब कम है?"

"यहाँ का गरीब मेरेको रास्ते में मिलता है, भाभी. उसको मिलनेवाला कौन है?" आणि मग माझ्याकडे वळून, "हाडाला कुठं देश असतो, मंजू?"

थोकोचं ऑपरेशन झालं. कुबड्या घेऊन ती हसत उभी आहे, असा फोटो आला. काकांनी तो मोठा करून घेतला आणि तिच्या पायांवर बोट ठेवून मला दाखवलं, "बघ, दोन्ही सारखे."

त्यानंतर तीन आठवड्यांनी आलेला मेल मी त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर उघडला. ते खिडकीशी बसून मोसंबं सोलत होते. जखमेत पू झाला, ताप उतरला नाही, जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. थोको गेली होती.

"काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

मी म्हणाले, "बरी आहे. शाळेत जायला लागली."

त्या क्षणी मला वाटलं, मी दया केली. पण पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं. तिचा वर्ग, तिची मैत्रीण, पावसाळ्यातला शाळेचा रस्ता, सगळं मी रचत गेले. काका ते बाकावर बसून शाहभाभींना, वॉचमनला, दूधवाल्यालाही सांगायचे. एकदा स्टेशनजवळून त्यांनी मुलीच्या सँडल आणल्या. "पाठव गं, आता दोन्ही पायांना नीट बसतील." मी 'पाठवते' म्हणून घरी आणल्या आणि कपाटात, साड्यांखाली ठेवल्या.

दर महिन्याचे पैसे आता ते दुसऱ्या पेशंटना पाठवत होते. दीड वर्ष असं चाललं. मग दिवाळीत मुलीने त्यांना नवा फोन दिला. इंग्रजी मजकूर मराठीत वाचून दाखवणारा. त्यात तिने त्यांचं मेलचं खातंही चालू करून दिलं, आणि काकांनी जुने सगळे मेल एकेक करून ऐकले.

ते माझ्या दारात आले तेव्हा हातात फोन होता. आत या म्हटलं, तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"थोको गेली," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"व्हायलाच पाहिजे होता ना?" आवाज अजिबात चढला नव्हता. "मंजू, दीड वर्ष मी लोकांना सांगत फिरलो, मेलेली पोर शाळेत जाते म्हणून. तिच्या आईला दोन शब्द तरी लिहिले असते. तिला वाटलं असेल, पैसे पाठवले नि विसरला."

मग म्हणाले, "आता लिही." ते सांगत गेले, मी उभ्या उभ्या लिहून घेतलं. 'तुमच्या मुलीचा फोटो माझ्या घरात आहे. मला उशिरा कळलं. माफ करा.' एवढंच. उशीर कुणामुळे झाला, ते त्यांनी लिहू दिलं नाही.

संस्थेचं उत्तर दहा-बारा दिवसांनी आलं. मुलगी गेल्यावर आई गाव सोडून गेली होती. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निरोप पोचवता येणार नव्हता. या वेळी मी शब्दन् शब्द वाचून दाखवला.

"बरं," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुणालाच काही पाठवलं नाही. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन मला वाट द्यायचे. पूर्वी खडसावायचे, थट्टा करायचे. आता नुसती मान हलवायचे. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा म्हणाले, "असू दे गं," आणि ते 'असू दे' मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. माघात त्यांना न्यूमोनिया झाला. मुलगी पुण्याहून आली, चार दिवस त्यांच्यापाशी दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी सकाळी काका गेले.

बिल्डिंगखाली माणसं जमली होती. तिरडी बांधली जात होती. शाहभाभी डोळे पुसत माझ्याजवळ आल्या आणि माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "मंजू, वो काका की अफ्रीकावाली बच्ची... उसको खबर किया?"

तेव्हा मला कळलं, काकांनी माझं खोटं बिल्डिंगमध्ये एकालाही सांगितलं नव्हतं.

"करती हूँ, भाभी," मी म्हणाले.