एक जॅकेट उरलं

"मॅडम, आमच्या सगळ्या टीम कम्प्लीट आहेत. निघू या का?" निखिल म्हणाला.

मी खाली बघत होते. माझ्या पायाशी एक नारिंगी लाइफ जॅकेट पडलं होतं. होडीत बसणाऱ्या दर माणशी एक, माझं धरून, अशी मी जॅकेट मोजून आणते.

"मग हे कोणाचं?"

"एक्स्ट्रा असेल."

"माझ्याकडे एक्स्ट्रा काही नसतं. जॅकेटही नाही आणि पेशन्सही नाही."

निखिल म्हणजे एका सॉफ्टवेअर कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर. तिशीचा, हुशार, पायात कोरे करकरीत बूट. त्याची माणसं होडीत बसली होती आणि तिन्ही टीम लीडनी हात वर करून "कम्प्लीट" असं सांगून झालं होतं. मी डोकी मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. एक कमीच.

"मिलिंद दिसत नाहीये," मागून एक मुलगी म्हणाली.

निखिलने पहिल्या लीडकडे बघितलं. "माझ्याकडे नाही," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "माझ्याकडे पण नाही." तिसरा म्हणाला, "तो कोणाच्याच टीममध्ये नाही. बेंचवर आहे ना तो."

तिघांचेही चेहरे एकदम मोकळे झाले. हिशेब जुळला होता. टीम खरोखरच कम्प्लीट होत्या, फक्त माणूस डोंगरावर राहिला होता.

हे बेंच प्रकरण मलाही त्या दिवशीच नीट कळलं. ज्याच्याकडे सध्या प्रोजेक्ट नाही तो बेंचवर. कंपनीत यायचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं, आणि कोणीतरी बोलावेल म्हणून वाट बघायची. शाळेत बाकावर उभं करायचे, इथे बसवून ठेवत होते. तेव्हा अमेरिकेत कंपन्या धडाधड बसल्या होत्या आणि इकडे पुण्यात ठरलेली लग्नं लांबणीवर पडली होती. बेंचवर गर्दी वाढत चालली होती.

माझा धंदा सांगायचा राहिलाच. मी खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यामुळे आमच्या घरी सेफ्टीचे नियम बाराखडीच्या आधी शिकवले जात. मी काही वर्षं शाळेत पी. टी. शिकवलं. मग आयटी आली. पूर्वी लोक डोंगरावर फुकट जायचे. तेच लोक पगार वाढल्यावर 'टीम बिल्डिंग'ला जायला लागले आणि त्यांना तिथे न्यायला माणूस लागायला लागला. मी शाळा सोडली. माझं घर त्यावर चाललं, तेव्हा तक्रार नाही.

माझा ठरलेला कार्यक्रम पानशेतच्या पाण्यावरचा. सकाळी वारज्याहून बस. डोंगराची सोंड चढायची, वरून धरणाचं पाणी बघायचं, "वॉव" म्हणायचं. पलीकडच्या अंगाने काठावरच्या गावात उतरायचं. तिथे हिराक्कांच्या अंगणात पिठलं, भाकरी आणि ठेचा. मग दगडूमामांच्या होडीतून पाणी ओलांडायचं, पैलतीरावर बस उभी. माहितीपत्रकात याला मी 'लेक हाइक विथ लंच अँड बोट राइड' असं लिहिलं होतं. 'डोंगर चढा, भाकरी खा, होडीतून या' असं लिहिलं असतं तर एक कंपनी आली नसती.

या रस्त्याला एकच खोड आहे. वर एका जांभळीपाशी वाट फुटते. डावी गावात जाते. उजवी चांगली रुंद आहे, माणसाला तीच खरी वाटते, आणि ती कड्यावर नेऊन सोडते. म्हणून तिथे मी एक माणूस उभा करते. आम्ही त्याला 'खांब' म्हणतो. खांबाने येणाऱ्याला डावीकडे पाठवायचं, आपण हलायचं नाही. सगळ्यात मागे चालणारा माझा माणूस, म्हणजे 'शेपूट', पोहोचला की त्याने खांबाला सोबत घेऊन उतरायचं. साधी पद्धत आहे. गुराख्याच्या पोरालाही कळते.

निखिलला ती जुनाट वाटली.

"मॅडम, शेपूट आमच्याच लोकांना होऊ दे. ओनरशिप यायला पाहिजे त्यांच्यात, काम आपलं वाटलं पाहिजे."

"ओनरशिप बसमध्ये येऊ दे. डोंगरावर शेपूट माझं."

"आपल्या करारात आहे ना, अॅक्टिव्हिटी कंपनी ठरवेल म्हणून?"

होतं तसं. माझा मदतनीस बापू हिराक्कांना भाकऱ्यांत मदत करायला पुढे गेला आणि निखिलने शर्यत लावली. प्रोजेक्टची तीन मॉड्यूल, म्हणून तीन टीम. जी टीम आधी काठावर पोहोचेल तिला कप. तिसऱ्या टीमने शेपूट व्हायचं, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून शर्यत जिंकायची. हे गणित ते कसं सोडवतील, ते मी तिथेच ओळखायला हवं होतं म्हणा.

"आणि फाट्यावर कोण उभं राहणार?" मी विचारलं.

"मिलिंद! तू तसाही फ्री आहेस," निखिल म्हणाला. सगळे हसले. मिलिंदही हसला. उंच, किडकिडीत मुलगा, भंडाऱ्याकडचा. सकाळपासून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून देत होता. निखिलने त्याला बजावलं, "पण हलायचं नाही हं. मी बघतोय तुझ्याकडे. ओनरशिप!"

"हो सर," मिलिंद म्हणाला, आणि माझ्याबरोबर वर पोहोचल्यावर खरोखरच झेंडावंदनाला उभा राहावा तसा जांभळीखाली उभा राहिला.

पुढे काय झालं असणार, ते मला होडीपाशी एका क्षणात दिसलं. मी तिसऱ्या लीडला विचारलं, "तुम्ही जांभळीपाशी गेलात?"

"नाही. आम्ही घळीतून थेट उतरलो. ऑप्टिमाइझ केलं."

त्यांच्या हातात कप होता.

मी म्हटलं, "मी वर जातेय. मिलिंद आल्याशिवाय होडी सुटणार नाही."

"पाच वाजता क्लायंटचा कॉल आहे, मॅडम! अमेरिकेचा! मिलिंद काही लहान नाही, येईल दुसऱ्या फेरीत."

मी दगडूमामांकडे बघितलं. मामा आयुष्यभर त्या पाण्यावर राहिलेला माणूस.

"दुसरी फेरी न्हाई हुनार," ते म्हणाले. "वारं उठाया लागलंय. येक फेरी निघंल, ती बी बिगीनं परत आला तर. न्हाईतर समदी काठाकाठानं चाला."

काठाकाठाने बसपर्यंत जायला अंधार झाला असता. निखिलला घाम फुटला. त्याने मामांना हळूच बाजूला घेतलेलं मी पाहिलं. मग मी होडीच्या इंजिनाचं हँडल काढलं आणि माझ्या सॅकमध्ये टाकलं.

"ताई, हे बेस केलंसा," मामा म्हणाले आणि विडी पेटवून खडकावर बसले.

माझ्याबरोबर एचआरची शिल्पा निघाली. का, ते मला आधी कळेना. पायात सँडल, गळ्यात कंपनीचा नवा डिजिटल कॅमेरा. अर्ध्या चढावर तिला धाप लागली तेव्हा ती बोलली.

"मॅडम, मला फार वाईट वाटतंय. येत्या शुक्रवारी बेंचवरची काही नावं कमी होणार आहेत."

"मिलिंदचं आहे?"

"निखिलने द्यायची आहेत नावं. अजून दिलेली नाहीत. सपोर्टच्या प्रोजेक्टमध्ये एक जागा आहे. मिलिंदला वाटतंय, आज निखिलच्या डोळ्यात भरलो तर तिथे घेतील. घरी पैसे पाठवतो हो तो. धाकट्या बहिणीचं इंजिनिअरिंग चालू आहे."

"आणि ज्यांना शुक्रवारी काढायचं त्यांना तुम्ही आधीच्या शनिवारी पिकनिकला आणता?"

"आउटिंगचं बजेट आधीच मंजूर झालं होतं," ती म्हणाली आणि रडवेली झाली. मला तिची कीवही आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी भराभर चढते.

जांभळीखाली मिलिंद होता. जिथे सोडला होता तिथेच. सावली सरकून गेली होती, हा उन्हातच उभा. आम्ही खालून आलो तरी सवयीने त्याने हात डावीकडे केला.

"आलात का मॅडम! शेवटची टीम यायची आहे ना अजून? दोन टीम गेल्या, मग इकडून कोणी गेलंच नाही. फक्त दोन बाया गेल्या मोळ्या घेऊन. त्यांना मी डावीकडे पाठवत होतो, तर त्या मलाच ओरडल्या. म्हणे, आमचा जन्म हितं गेला, तू कोन वाट सांगनारा?"

"अरे बाबा, सगळे खाली पोहोचले. जेवून हात धुऊन होडीत बसलेत. तुला भूक नाही लागली?"

"लागली ना. पण सर म्हणाले होते हलायचं नाही." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्याने विचारलं, "सर काही म्हणाले का? माझ्याबद्दल?"

मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. शिल्पाने कॅमेरा डोळ्याला लावला. "मिलिंद, तसाच उभा राहा. हात तसाच. एक फोटो." मला वाटतं, तिला तोंड लपवायला दुसरं काही मिळालं नाही.

आम्ही धावतपळत उतरलो. वारं वाढलं होतं पण मामा "बसा, बसा" म्हणाले. हिराक्कांनी मिलिंदच्या हातात पिठलं-भाकरीचा पुडा कोंबला. मी हँडल हातात घेऊन निखिलसमोर उभी राहिले.

"साहेब, हा मुलगा तुम्ही सांगितलंत म्हणून उपाशी उन्हात उभा होता. तुमची शेपटाची टीम तुम्ही सांगितलेलं न ऐकता घळीतून आली आणि कप घेऊन बसलीय. कोण कामाचं, ते आता तुम्हीच ठरवा."

निखिल खरंच ओशाळला, मी खोटं सांगणार नाही. तो उठला, मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "गाइज, याला म्हणतात ओनरशिप!" टाळ्या पडल्या. मिलिंदचा चेहरा असा फुलला की बघवेना. उरलेलं जॅकेट मी स्वतः त्याच्या अंगात घातलं. होडी हेलकावे खात निघाली, लाटांचं पाणी अंगावर येत होतं, आणि तो पठ्ठ्या मजेत भाकरी खात होता. मला वाटलं, झालं पोराचं काम.

पैलतीरावर मोबाइलला रेंज आली. क्लायंटने कॉल पुढच्या आठवड्यात ढकलला होता.

नंतरच्या शनिवारी मिलिंदचा फोन आला.

"मॅडम, माझं झालं."

"मिळालं प्रोजेक्ट? वा रे वा!"

"नाही हो. काढलं."

"काय सांगतोस! का?"

"सर म्हणाले, तू नुसता वाट बघत उभा राहतोस. इनिशिएटिव्ह नाही. डोंगरावर सुद्धा बघ म्हणे, कोणी येत नाही हे कळल्यावर स्वतःहून खाली यायला हवं होतं."

माझा संताप संताप झाला. मी निखिलला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "मॅडम, बिझनेस डिसिजन आहे, पर्सनल घेऊ नका." मी म्हटलं, "तुमच्याकडे पर्सनल काही उरलंय कुठे घ्यायला?"

मिलिंदला मी रविवारी माझं शेपूट म्हणून घेतलं. नागपूरला नोकरी लागेपर्यंत तो आला. त्याच्या काळात डोंगरावर चुकून कोणाची टोपीसुद्धा राहिली नाही.

वर्षभराने त्याच कंपनीचं बोलावणं आलं. जायचं मनात नव्हतं, पण हिराक्कांच्या चुलीचाही विचार करावा लागतो. रिसेप्शनला बसले आणि वर बघितलं, तर समोरच्या भिंतीवर हा एवढा मोठा फोटो. जांभूळ, मागे धरणाचं निळं पाणी, आणि हात लांब करून वाट दाखवणारा मिलिंद. खाली ठसठशीत इंग्रजी अक्षरांत एकच शब्द. ओनरशिप.

"हा कोण हो?" मी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं.

तिने मान वळवून बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. "माहीत नाही मॅडम. कोणीतरी मॉडेल असेल."

निखिल हसत बाहेर आला. "तोच रूट करू या हं, मॅडम. सगळ्यांना खूप आवडला होता."

तोच केला. पण करारातलं ते कलम आधी खोडायला लावलं, आणि शेपूट माझंच ठेवलं. खाली उतरल्यावर टीम पूर्ण आहे का, असं मी आता विचारतही नाही. डोकी मोजते. आणि जांभळीपाशी माणूस उभा करणं बंद केलंय. तिथल्या दगडावर चुन्याने मोठा बाण काढून ठेवलाय. बाणाला ऊन लागत नाही, भूक लागत नाही, आणि खाली गेल्यावर साहेब आपल्याबद्दल काय म्हणाले, असं तो विचारत नाही.