एक्केचाळिसाची एक

ऑफिसात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. तोंडावर नाही हो, तेवढी कुणाची छाती नव्हती. प्रोग्राममधला बदल जतन करताना सोबत एक ओळ लिहायची असते, काय केलं म्हणून. त्याला कमिट म्हणतात. मंडळी वाटेल ते खरडत, आणि कोड तपासणीला जायच्या आधी ती त्या सगळ्याची एक नीटस ओळ करून ठेवायची. हातानं करून कंटाळली, तेव्हा तिनं त्यासाठी छोटा प्रोग्रामच लिहिला. तो आधी सगळ्या ओळी दाखवायचा, मग बटण दाबलं की कामाच्या नावावरून चाळिसाची एक. जुन्या ओळींचा कुठंही मागमूस नाही. "कचरा जपायचा कशाला?" म्हणायची.

सगळ्यात जास्त कचरा तिच्याच धाकट्या भावाचा. तो शेजारच्या टेबलावर. "आता तरी चाल रे बाबा." "चहा पिऊन येतो, मग बघू." "ताई बोंबलणार." असल्या ओळी. ती एकेक वाचून त्याला फाडून खायची, आणि हा दात काढायचा.

मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पडून पडून वेड लागेल, असं पाटीवर लिहून त्यानं लॅपटॉप मागवला. तीन आठवडे दवाखान्यातल्या खाटेवरून काम केलं आणि एके दिवशी सगळं एकदम पाठवलं. एक्केचाळीस कमिट. इस्त्रीबाई नुकतीच दवाखान्यातून आली होती, डोळे मिटत होते. तिनं आकडा पाहिला, कपाळावर हात मारला आणि न वाचता बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पंधरवड्यानं आई तिच्या खोलीत आली.

"त्यानं पाटीवर लिहून दाखवलं होतं," आई म्हणाली. "बोलता येत नाही ते सगळं कामात लिहिलंय, ताई रागवायला का होईना, वाचतेच, म्हणून. मला वाचून दाखव ना."

तिनं उद्या म्हणून वेळ मारून नेली. दोन दिवस ऑफिसातला सर्व्हर, स्वतःचं मशीन, सगळं पालथं घातलं. त्याचा लॅपटॉप ऑफिसनं परत घेऊन पुसून दुसऱ्याला दिला होता. तिच्या प्रोग्रामनं काम चोख केलं होतं. मेल्यात एकही चूक निघाली नाही.

शेवटी तिनं आईला जवळ बसवून उरलेलं वाचलं. "शोधाच्या पानावरची चूक दुरुस्त केली."

"आणि?"

"एवढंच."

आई पडद्याकडे बघत राहिली. "खाली नाव कुणाचं आहे?"

"माझं. बटण मी दाबलं ना. मी न वाचता पुसलं, आई."

आई म्हणाली, "निदान किती लिहिलं होतं, ते तरी सांग."

"एक्केचाळीस ओळी," ती म्हणाली. तेवढं तिनं पाहिलं होतं.