गलबताची घंटा

घणसोली गावातल्या आमच्या घरी रविवारची मासळी दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीवर अवलंबून असते. होडी माझ्या सासऱ्यांची, जाळं शेजारच्या काकांचं. दोघांच्या शेतांवर कधीच इमारती उभ्या राहिल्या, तरी रविवारी भरती बघून दोघं खाडीत जातातच. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा चिखलातली बुळबुळीत निवटी हातात धरायलाही घाबरायचे. आता भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर मीच लावते.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका रविवारी जाळ्यात एक जड वस्तू आली. आत गच्च चिखल, बाहेर चिकटलेली कालवं, मधूनमधून हिरवट पितळ. उपडी ठेवली की घंटेसारखी दिसायची. खाडीच्या तोंडाशी फार पूर्वी एक गलबत बुडालं, ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यामुळे किनाऱ्याला लागेपर्यंत दोघांचं ठरूनही गेलं होतं: ही त्या गलबताची घंटा.

ओट्यावर ठेवून सासऱ्यांनी ती उलथन्याने वाजवली. थप्प.

"जुनी हाय," काका म्हणाले. "आवाज दमलाय."

मग वाटणीचा विषय निघाला. मासळीची रीत सोपी आहे: होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक, आणि होडीतल्या प्रत्येक माणसाचा एक. म्हणजे दोघांना दोन-दोन. पण घंटा एकच.

"होरी नसती तं तू काय पवत जानार व्हता?" सासरे म्हणाले.

"आन जालं नसतं तं तू काय घंटेला हाक मारनार व्हता? ये गो बाय, वर ये?"

त्या दुपारपासून बोलणं बंद. पुढच्या रविवारी होडी किनाऱ्यावर उपडी, जाळं काकांच्या गॅलरीत. आम्ही डाळ खाल्ली. सासऱ्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि खुर्ची काकांच्या घराकडे पाठ करून ठेवली. आठवडाभर तेच. चाळीस वर्षांची सोबत एका घंटेपायी जाते की काय, अशी मला काळजी वाटू लागली. मी वही काढली.

फोनवर वाचलं, तर जगभर बुडालेल्या जहाजांवरून हेच चाललेलं. शोधणारा म्हणतो माझं, सरकार म्हणतं माझं, आणि मूळ मालकाचे वारस कुठून तरी उगवतात. मी दावेदार लिहून काढले: होडी, जाळं, दोन माणसं, सरकार, गावचं देऊळ. शेवटी 'मूळ मालक', आणि त्याच्यापुढे 'पत्ता नाही'. तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना आमच्या ओट्यावर बोलावलं. काका आले ते काकींना घेऊनच.

मी सरकारला कळवण्याच्या मुद्द्यावर होते, तेवढ्यात सासूबाई आतून घंटा घेऊन आल्या. झळझळीत. सरकारची माणसं येणार असं धरून त्यांनी ती पहाटेपासून चिंच-मिठात भिजवून काथ्याने घासली होती.

"आई! जुनी वस्तू घासायची नसते!"

"घान वस्तू दाखवाची असते काय?"

घासलेल्या घंटेला सपाट बूड होतं. काठही होता. आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. मी मोठ्याने वाचली: काकांचं नाव, काकींचं नाव, 'विवाहानिमित्त मित्राकडून सप्रेम भेट'.

"माजा टोप!" काकी किंचाळल्या.

हा टोप आमच्या नणंदेच्या हळदीला सासूबाईंनी नेला होता. तो परत आला नाही असं काकी तीस वर्षं म्हणत आल्या आहेत आणि परत दिला असं सासूबाई तीस वर्षं शपथेवर सांगत आल्या आहेत. आमच्याकडे काहीही देताना काकी भांडी मोठ्याने मोजतात.

काका चपला शोधू लागले.

"परत दिला व्हता तिनं," ते पुटपुटले. "मीच होरीत नेला. चिंबोऱ्या भराला. कलंडला."

"आपन कोनाला सांगाचं नाय ठरलं व्हतं ना?" सासरे कळवळून म्हणाले, आणि मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढचा अर्धा तास मी इथे लिहीत नाही. सासऱ्यांनी एकदा प्रयत्न केला, "तसा भेट मीच दिलेला…" पण काकींनी त्यांना तिथेच थांबवलं, "दिला म्हंजे गेला!"

"आन माजी तीस वरसं?" सासूबाईंनी विचारलं.

काकींनी टोप फिरवून बघितला. "घासलास मात्र झ्याक," त्या म्हणाल्या. सासूबाईंना तेवढं पुरलं नाही, आणि दोघी तावातावाने, पण एकाच पायरीवर, खेटून बसल्या.

मी वहीत 'पत्ता नाही' खोडून 'शेजारी' लिहिलं. मान वर केली तर दोन्ही आरोपी माझ्याजवळ सरकले होते.

"सूनबाय," सासरे कुजबुजले, "भरती कवा हाय?"

"साडेबाराला."

"म्हंजे निघालाच पायजे," काका म्हणाले. अकराही वाजले नव्हते. गॅलरीतल्या जाळ्याचं एक टोक सासऱ्यांनी धरलं, दुसरं काकांनी, आणि दोघं मागे न बघता खाडीकडे चालते झाले.