ओल्या वाळूची सायटेशन्स

भोपाळच्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्याकडे दोन गोष्टी साठतात, जुने कूलर आणि किस्से. कूलर भंगारवाला नेतो, किस्से कोणी नेत नाही, म्हणून तुम्हाला ऐकवतोय. हसा खुशाल, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

आमची लॅब सरकारी. वाळूने टर्बाइनच्या पात्यांची किती झीज होते, ते आम्ही मोजायचो. मी प्रोजेक्टवरचा माणूस. ग्रँट आहे तोवर नोकरी, आणि नोकरी आहे तोवर इंद्रपुरीजवळचं क्वार्टर. ग्रँट पुढे मिळणार की नाही, हे ठरायचं सायटेशनवर, म्हणजे जगात किती जणांनी आमच्या पेपरचा उल्लेख केला त्यावर.

*

लायब्ररीतले तिवारीजी दर सोमवारी सगळ्यांचे आकडे नोटीस बोर्डावर लावायचे. आम्ही आधी चहा पिऊन घ्यायचो, कारण आकडा पाहिल्यावर तो घशाखाली उतरत नसे. एकदा माझ्या नावापुढे शून्य होतं. मी म्हटलं, "तिवारीजी, टाइपिंग की गलती होगी."

"भैया, ज़ीरो में गलती की गुंजाइश ही कहाँ है?"

*

बिट्टन मार्केटच्या हाटात माझ्या बायकोने, सुनंदाने, मिरचीचं रोप उचललं आणि परत ठेवलं. मी विचारलं, "का गं?"

"मिरच्या लागायला तीन महिने. तोवर आपण इथे असू का?"

रोप दहा रुपयांचं होतं. आम्ही कोथिंबीर घेऊन घरी आलो.

*

आमचे प्रमुख डॉ. खानझोडे नागपूरचे. स्वभावाने भला माणूस, पण मार्च आला की त्यांना कापरं भरायचं. ग्रँट मार्चअखेर संपवायची आणि पेपरही तेव्हाच पाठवायचा. त्या वर्षी ऊन लवकर तापलं, म्हणून मी लॅबमधला कूलर लावला. वाळूचा ड्रम बरोबर त्याच्याखाली होता. तो तिथे मीच ठेवला होता.

निकाल फार सुंदर आले. आमच्या पात्यांची झीज इतरांच्या मानाने चक्क निम्मी! पेपर गेला, छापूनही आला. मग मे महिन्यात मी ड्रममध्ये हात घातला, तर कूलरचं पाणी ठिबकून तळाची वाळू ओली गच्च. तिच्या गुठळ्या नळीत अडकत होत्या. पात्यांवर वाळू पुरती पडलीच नव्हती, तर झीज कुठून होणार?

घरी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "सरांना सांगून टाका ना."

"सांगितलं तर क्वार्टर जाईल."

"आणि त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलं तर?"

दुसऱ्या दिवशी मी ड्रम कूलरखालून हलवला, सांगितलं मात्र कोणालाच नाही.

*

पुढे आकडा वाढायला लागला. पाच, बारा, मग चाळीस. खानझोडे सरांनी पेढे वाटले. तिवारीजींनी मात्र मला बाजूला घेऊन एकेक पेपर उघडून दाखवला. सगळ्यांत एकच मजकूर होता, की खानझोडे आणि वानखडे यांचे निष्कर्ष आमच्या प्रयोगांत आढळले नाहीत. वानखडे म्हणजे मी.

"सर को दिखाया क्या?" मी कसंबसं विचारलं.

"उन्होंने गिनने को कहा था, पढ़ने को नहीं."

*

ग्रँटच्या रिव्ह्यूला बाहेरगावचे अध्यक्ष आले. त्यांनी आमच्या सायटेशनच्या यादीवरून बोट फिरवलं, मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "इसमें एक पेपर मेरा भी है."

खानझोडे सर संकोचून म्हणाले, "सर, हमारा सौभाग्य." आता उलगडा होणार आणि महिनाअखेर सामान बांधावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण अध्यक्षांनी फाइल मिटली आणि ग्रँट आणखी तीन वर्षांसाठी वाढवली.

त्यांना गाडीपर्यंत सोडायला मी गेलो. ते ओझं मला आणखी तीन वर्षं वाहवलं नसतं. गाडीचं दार उघडता उघडता मी बोलून गेलो, "सर, हमारी रेत गीली थी."

त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा तिवारीजींच्या बोर्डासमोर आमचा व्हायचा तसा झाला होता.

"लिखकर मत दीजिएगा," ते हळूच म्हणाले. "मार्च में मेरा भी रिव्यू है, और आप लोगों को गलत ठहराने वाला मेरा दूसरा पेपर अभी छपना बाकी है."